मुलाच्या हातात सुरी : हातकामाच्या शिक्षणाचा एक इतिहास

मागच्या वेळी आपण पाठ्यपुस्तकांबद्दल बोललो होतो. आज पुस्तक मिटून ठेवू या. आजचा विषय हाताचा आहे. लहान मुलांना बटण लावायला, पाणी ओतायला, चिरायला, शिवायला, तासायला कसं शिकवलं गेलं, कोणी शिकवलं, आणि ते करताना मुलाला इजा होऊ नये आणि त्याचा उत्साहही मावळू नये यासाठी काय काय केलं गेलं, याचा हा इतिहास.

आपल्या घरांमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलाच्या कानावर दिवसभरात कोणता शब्द सर्वांत जास्त पडत असेल? आमचा अंदाज आहे, ‘नको’. सुरीला हात लावू नको. गॅसजवळ जाऊ नको. कप उचलू नको, फुटेल. हे सगळं प्रेमापोटीच असतं, त्यात काही शंका नाही. पण त्याच घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईंची सात वर्षांची मुलगी स्वतःच्या घरी कोयंडा काढून चूल पेटवत असते, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. तिला कोणी ‘नको’ म्हणत नाही. तिला म्हणतात, ‘कर. नाहीतर बघ.’ म्हणजे एका मुलाला हाताचं काम मिळत नाही आणि दुसऱ्या मुलीला त्यातून सुटका मिळत नाही. आज ज्या माणसांबद्दल आपण बोलणार आहोत, त्यांनी या दोन टोकांच्या मधली वाट शोधली. ती वाट शोधताना त्यांना एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं: मूल शिकताना चुकणारच, मग त्या चुकीची किंमत कोणी मोजायची? हा प्रश्न हाताशी धरूनच आपण पुढे जाऊ या.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करू. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. त्यात काय होतं? सात वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात लावायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. नऊ तास! आणि ही सुधारणा होती, हे लक्षात घ्या. शंभरापेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्यांना तर हा कायदा लागूच नव्हता. १८९१ च्या दुरुस्तीत किमान वय नऊवर गेलं आणि मुलांचे तास सातवर आले. १८८१ च्या कायद्यात धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याचीही तरतूद होती. म्हणजे मुलाच्या सुरक्षिततेचा पहिला सरकारी विचार कुंपणाचा होता: यंत्र आणि मूल यांच्यामध्ये काहीतरी आडवं घाला. यंत्र कसं हाताळायचं हे मुलाला नीट शिकवा, असं कोणी म्हणालं नाही. चुकीची किंमत मुलाच्या बोटांनी मोजायची, इतकाच त्याचा अर्थ.

दुसऱ्याच वर्षी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यातली मागणी सगळ्यांना माहीत असते. पण त्यात अभ्यासक्रमही आहे: मोडी, बाळबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे चार धडे. आणि शिक्षक कसे हवेत? शेतकरी वर्गातले हवेत, मुलांमध्ये मिसळणारे हवेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे हवेत. हे वाकसाचं वाक्य आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. कारण आपल्याकडे हाताचं काम आणि अक्षर यांच्यामध्ये जात उभी होती. ज्याच्या हाताला काम येत होतं त्याला शाळा नव्हती, आणि जो शाळेत शिकवत होता त्याच्या हाताला काम शिवलेलं नव्हतं. अशा शिक्षकाने मुलाला वाकस धरायला कसं शिकवायचं?

तसं आपल्या परंपरेत शिकवणं होतंच, हेही सांगितलं पाहिजे. सुताराचा, कुंभाराचा मुलगा बापाशेजारी बसून बघून बघून शिकायचा. घरोघरी भातुकली होती. पोळ्या संपत आल्या की उरलेल्या कणकेचा गोळा नातीच्या हातात जायचा, आणि तिची वेडीवाकडी चानकी तव्यावर भाजली जायची. कोणीतरी ती कौतुकाने खायचंही. जरा विचार करा, ही किती हुशार रचना आहे. लाटणं खरं, कणीक खरी, तवाही खरा. पण गोळा शेवटचा. बिघडला तर कोणाचं जेवण अडत नाही. आजीने कुठलं शिक्षणशास्त्र वाचलं नव्हतं, पण चुकीची किंमत किती ठेवायची हे तिला कळत होतं. अडचण अशी की ही चानकी मुलीलाच मिळायची, मुलाला नाही; आणि पुढे ती तिच्या गळ्यातच पडायची.

आता थोडा वेळ युरोपात जाऊ या, कारण शाळेत पद्धतशीरपणे मुलाच्या हातात हत्यार देण्याचं काम आधी तिथे झालं. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या आग्रहामुळे १८६६ च्या शाळाविषयक कायद्यात हस्तकाम हा शाळेचा विषय झाला. स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांनी नेस या गावी, आपल्या मामांच्या जमीनजुमल्यावर, शिक्षकांना हे काम शिकवण्याची संस्था चालवली. या पद्धतीला ‘स्लॉइड’ म्हणतात. जगभरातून शिक्षक तिथे शिकायला जायचे.

स्लॉइडमध्ये मुलाच्या हातात पहिलं हत्यार कोणतं यायचं? सुरी. करवत नाही, हातोडी नाही; सुरी. ऐकून आपल्या पोटात गोळा येतो. पण त्यांचा विचार सरळ होता. सुरी खेड्यातल्या प्रत्येक घरात असते, मुलाने ती पाहिलेली असते. मग जे ओळखीचं आहे तिथून सुरुवात करायची. पहिली वस्तू काय, तर एक साधी निमुळती लाकडी कांडी. लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेने जातात ते बघायचं, त्या दिशेने सुरी चालवायची, उभं कसं राहायचं ते शिकायचं. कांडी बिघडली तर दुसरी काटकी. मग क्रमाने पुढच्या वस्तू, प्रत्येकीत एखादी नवी क्रिया. सालोमन यांचे दोन नियम आम्हाला विशेष वाटतात. एक, मुलाने केलेली वस्तू घरात खरोखर उपयोगी पडली पाहिजे. दिवाणखान्यात ठेवायची शोभेची वस्तू नको. दोन, शिक्षकाने मुलाच्या वस्तूला स्वतःचा हात लावायचा नाही. दाखवायचं असेल तर दुसऱ्या लाकडावर दाखवा. वस्तू मुलाची आहे, ती वाकडी झाली तरी मुलाची. आता सांगा, शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांचे प्रकल्प रात्री जागून कोण करतं? (हशा)

१९०७ मध्ये रोमला येऊ. सान लोरेन्झो ही तिथली गरीब वस्ती. एका बांधकाम संस्थेने तिथल्या चाळी दुरुस्त करून कामगार कुटुंबांना दिल्या. आईबाप कामावर गेले की लहान मुलं जिन्यात हुंदडायची, नव्या रंगवलेल्या भिंती खराब करायची. संस्थेला भिंती वाचवायच्या होत्या. म्हणून मुलांना एका खोलीत बसवायचं ठरलं आणि त्यांच्यावर देखरेख करायला मारिया माँटेसोरी या डॉक्टर बाईंना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ ला ते बालगृह सुरू झालं. बालशिक्षणातला एवढा मोठा प्रयोग भिंतींच्या रंगापायी सुरू झाला, ही इतिहासातली एक गंमत आहे.

माँटेसोरीबाईंचं नाव घेतलं की आपल्याला लाकडी ठोकळे आणि गुलाबी मनोरा आठवतो. पण पहिल्या दिवसांतलं खरं काम होतं हात धुणं, केस विंचरणं, बटणं लावणं, जमीन झाडणं. त्यांनी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं. रुमाल कसा काढायचा, आवाज न करता कसं शिंकरायचं, सगळं सावकाश. दाखवून झाल्यावर मुलांनी चक्क टाळ्या वाजवल्या. बाईंना आधी आश्चर्य वाटलं, मग त्यांच्या लक्षात आलं: या मुलांना आजवर नाकावरून फक्त बोलणी बसली होती. शेंबडा म्हणून सगळ्यांनी हिणवलं होतं, पण शिंकरायचं कसं हे कोणीच शिकवलं नव्हतं. हा प्रसंग साधा वाटतो, पण जे शिकवलंच नाही त्यासाठी मुलाला लाज आणणं ही मोठ्यांची किती जुनी सवय आहे, ते त्यातून दिसतं.

तिथे जेवणाची वेळ पाहायला पाहुणे यायचे. चार वर्षांची मुलं काटे-सुऱ्या मांडत, एका ताटलीत पाच-पाच पाण्याचे पेले नेत, आणि गरम सूपचं मोठं भांडं घेऊन टेबलाटेबलावर वाढत. पेला फुटत नसे, सूप सांडत नसे, असं बाईंनी लिहिलं आहे. हे काय जादूने होत होतं? नाही. यामागची रीत बघू या, कारण सगळं मर्म तिथेच आहे.

पहिली गोष्ट, वस्तू खरी पण मुलाच्या मापाची. हलकी खुर्ची, लहान सुरई, बुटकं कपाट. आपण मुलाला मोठ्यांचा तांब्या देतो आणि सांडलं की धांदरट म्हणतो. तांब्याचं वजन कोणी बघत नाही. दुसरी गोष्ट, एका वेळी एकच अवघड गोष्ट. ओतणं शिकवायचं असेल तर आधी तांदूळ किंवा डाळ एका भांड्यातून दुसऱ्यात. ते जमलं की पाणी. बटणं शिकवायची तर अंगातल्या सदऱ्यावर शिकवायची नाहीत; एका लाकडी चौकटीवर दोन कापडं ताणायची, मोठी बटणं लावायची, आणि मुलाला समोर बसून बघता येईल असं द्यायचं. मोठ्यांनंतर लहान बटणं, मग नाडी. तिसरी गोष्ट, दाखवताना हात सावकाश चालवायचा आणि तोंड बंद ठेवायचं. हे आपल्याला सर्वांत कठीण जातं. आपण करत असतो आणि बोलतही असतो, आणि मुलाला कळत नाही की हाताकडे बघावं की तोंडाकडे. चौथी, चूक वस्तूनेच दाखवावी. पाणी सांडलं तर ते जमिनीवर दिसतंच. तुम्ही ओरडून सांगायची गरज नाही. पुसायचं फडकं मुलाच्या हाताला लागेल असं शेजारी ठेवलेलं. बाई काचेचे पेले आणि चिनी मातीच्या ताटल्या मुद्दाम वापरत. धातूची भांडी आपटली तरी काही सांगत नाहीत, काच सांगते. फुटलेल्या पेल्याची किंमत संस्था मोजत होती, मुलाला फक्त तुकडे दिसत होते. सुरक्षितता इथे कुंपणातून आलेली नाही, ती या क्रमातून आली आहे. ज्याने महिनाभर रिकामी ताटली चालवली, त्याच्याच हातात शेवटी गरम सूप येत होतं.

मग कौतुकाचं काय? सुरुवातीला तिथे बक्षिसं होती. एका हुशार मुलाच्या गळ्यात चांदीचा क्रूस पांढऱ्या फितीत घातला होता, आणि दुसऱ्या एका मुलाला शिक्षा म्हणून खोलीच्या मधोमध आरामखुर्चीत बसवलं होतं. पहिला आपलं काम करत इकडून तिकडे जात होता. त्याचा क्रूस खाली पडला. शिक्षा झालेल्याने उचलला, निरखला, आणि विचारलं की हे तुझं पडलं ना? पहिल्याला त्याची काही पडलेली नव्हती. तूच घाल म्हणाला. शिक्षा झालेला मुलगा तो क्रूस मिरवत मजेत खुर्चीत बसून राहिला. ज्याला काम मिळालं होतं त्याला बक्षीस नको होतं, आणि ज्याला काम नव्हतं त्याला ते खेळणं पुरलं. यानंतर बाईंनी बक्षीस आणि शिक्षा दोन्ही सोडून दिली.

हे सगळं आपल्याकडे पोचलं ते भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. मुलगा झाला, त्याच्या शिक्षणाची काळजी लागली, माँटेसोरींचं पुस्तक हातात आलं, आणि वकिली मागे पडली. १९१६ मध्ये ते नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. गुजरातीत त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणतात, म्हणजे मिशाळ आई. शाळेतल्या धाकाला, परीक्षेच्या चढाओढीला आणि बक्षिसांना त्यांचा विरोध होता.

या भावनगरात १९२३ च्या सुमारास एक मराठी बाई आल्या: ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, पदवीधर, राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या. ती मानाची जागा सोडून त्या तीन वर्षांच्या मुलांमध्ये बसायला गेल्या. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार उभं राहिलं. तिथल्या मध्यमवर्गीय पालकांना ‘मुलाला स्वतः चपला घालू द्या, उशीर झाला तरी चालेल’ हे पटवणं हेच मोठं काम होतं. आजही आहे.

इथे एक आडवळण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात माँटेसोरीबाई हिंदुस्थानात होत्या. १९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांचा मुलगा मारिओ याला इंग्रज सरकारने कुठे ठेवलं असेल? आपल्या अहमदनगरच्या छावणीत. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला, ३१ ऑगस्ट १९४० ला, त्याची सुटका झाली.

आता वर्ध्याला चला. १९३७ मध्ये गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला. सगळं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगातून द्यायचं. चरखा, तकली, शेती, सुतारकाम. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद झाली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं उद्योगाला दिली. जातीच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. ब्राह्मणाच्या आणि महाराच्या मुलाने शेजारी बसून सूत कातायचं, आणि शिक्षकानेही कातायचं. फुल्यांनी मागितलेला वाकस धरणारा शिक्षक इथे निदान कागदावर तरी दिसला.

पण गांधीजींचा आणखी एक आग्रह होता: मुलांच्या कामातून शिक्षकाचा पगार निघावा. यावर परिषदेतच वाद झाला. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी विरोध केला. मुलं राबवली जातील, शाळेचा कारखाना होईल, ही भीती तेव्हाच बोलून दाखवली गेली. आमच्या मते दोन्ही बाजूंचं काहीतरी खरं होतं. गांधीजींपुढे दारिद्र्य होतं; दारूवरच्या कराच्या पैशावर शाळा चालवायच्या नाहीत हा त्यांचा प्रामाणिक आग्रह होता. पण सूत विकायचं ठरलं की तुटलेला धागा हा तोटा होतो. सात वर्षांच्या मुलाच्या हातून तकलीवर धागा तुटणारच, शंभर वेळा तुटणार. शिक्षकाला जर त्या सुताचा हिशेब द्यायचा असेल, तर एकशेएकाव्या वेळी त्याच्या कपाळावर आठी येणार. तो माणूस वाईट म्हणून नव्हे, त्याला चुकणं परवडत नाही म्हणून. स्लॉइडच्या कांडीला किंवा आजीच्या चानकीला बाजारभाव नव्हता, ही त्यांची मोठी सोय होती.

आणि आता बोर्डी. १९४५. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या आहेत. दादरची बसलेली घडी मोडून त्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या, बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढतात. त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटतात. अनुताई १९१० च्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिकून पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका. चांगली कायमची नोकरी होती. तीही सुटली.

बोर्डीत बालवाडी सुरू केली, पण हरिजन वस्तीतली मुलं येईनात. कशी येणार? आईबाप पहाटे कामाला जाणार. मोठी बहीण धाकट्याला सांभाळणार. आणि गावातल्या इमारतीची पायरी चढायची सवय कोणाला होती? मग ताराबाई-अनुताईंनी उलट केलं. बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला आहे. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. आज ओडिशात, तमिळनाडूत सरकारी कागदावर हा शब्द लिहिताना तो बोर्डीच्या अंगणातून आला हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

अंगणात पहिलं काम काय होतं? हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं. म्हणजे रोमचाच पाठ. पण रोममध्ये नव्हती ती गोष्ट इथे होती. १९४५ मध्ये उच्चवर्णीय घरातल्या बायका अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांचं तोंड स्वतःच्या हाताने धूत होत्या. स्वच्छतेचा धडा इथे सहज अपमान होऊ शकतो: तुम्ही घाणेरडे, आम्ही तुम्हाला स्वच्छ करतो. ताराबाईंनी यातून काढलेली वाट अशी, की धुणं हे हाताचं काम म्हणून मुलालाच शिकवायचं. बादली, पाणी, फडकं, फणी, आरसा समोर ठेवायचा. मुलाने स्वतः करायचं, मग धाकट्याचं करायचं. ज्या मुलीला रोज भावंड सांभाळावंच लागत होतं, तिचं ते ओझं असं शिकण्याचा भाग होऊ लागलं.

दुसरा प्रश्न साधनांचा होता. माँटेसोरींची साधनं महाग. दादरला फी येत होती, इथे काय येणार? मग शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, माती, बांबू हीच साधनं झाली. आकार, संख्या, रंग, ओवणं, मांडणं सगळं यावर. पुष्कळ जण याला ‘गरिबांची माँटेसोरी’ समजून थोडं खाली मान घालून सांगतात. आम्हाला वाटतं, पद्धत इथे पुढे गेली. चिंचोका हरवला तर कोणाला रडावं लागतं? झाडाखाली जा, दुसरा आण. ज्या घरात एकच मडकं आहे त्या घरात ते फोडणाऱ्या मुलाला मार बसतो. तो बाप क्रूर असतो असं नाही, मडक्याला पैसे पडलेले असतात. अशा मुलाला आयुष्यात पहिल्यांदा अशी जागा मिळाली जिथे त्याच्या चुकीला पैसे पडत नव्हते. मुलाला चार गोड शब्द बोलायला शिक्षिकेला कोणीही सांगू शकतं. ते शब्द तिच्या तोंडातून मनापासून यावेत अशी परिस्थिती तयार करणं हे खरं काम होतं, आणि ते चिंचोक्यांनी केलं.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. इथे प्रश्न आणखी बदलला. या मुलांना हाताचं काम शिकवायचं म्हणजे काय? वारली मुलगा सहा-सात वर्षांचा होईपर्यंत कोयता हाताळतो, गुरं वळतो, मासे धरतो, झाडावर चढतो. शहरातल्या मुलाला जे बालवाडीत शिकवावं लागतं, ते त्याला येतंच. त्याला शाळेत कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. मग गुरं चारणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली: कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकत्र करून विकासवाडी उभी केली, म्हणजे मोठ्या मुलीने भावंडाला घेऊनच शाळेत यावं. त्यामुळे मुलाच्या रोजच्या कामाला शाळेने चूक ठरवलं नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, त्या १९७३ मध्ये ३१ ऑगस्टला गेल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत टेकडी सोडली नाही.

वेळ संपत आली आहे. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊ.

पहिली: ‘मग मुलाला शाब्बास म्हणायचंच नाही का?’ म्हणा की. पण एक प्रयोग सांगतो, योगायोगाने १९७३ चाच आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तो केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळात आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढच्या काही दिवसांत ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं तीच मुलं पेनांकडे कमी वळली. बाकीच्यांची गोडी टिकली. तेव्हा आधी सौदा करू नका. मुलाने कोशिंबिरीसाठी काकडी चिरली तर जेवताना सगळ्यांनी ती खा, आणि ‘आज काकडी जरा जाड आहे, छान लागते’ म्हणा. त्याला कळतं.

दुसरी चिठ्ठी: ‘सुरी नेमकी कितव्या वर्षी द्यायची? कापलं तर?’ वयाचा आकडा आम्ही देणार नाही, कारण तो हातावर ठरतो. क्रम मात्र सांगता येतो. आधी पिकलेलं केळं आणि लोणी लावायची बिनधारेची सुरी. मग उकडलेला बटाटा. मग लांब कापून सपाट बाजू खाली ठेवलेली काकडी, म्हणजे ती गडगडत नाही. मूल ओट्याच्या उंचीला पोचत नसेल तर जमिनीवर पाटाजवळ बसवा. पायाची बोटं उंच करून चिरणारं मूल हमखास कापून घेतं. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायला दाखवा. मधल्या काळात शेजारीच बसा, फोन बाजूला ठेवून. धारेची सुरी या सगळ्यानंतर. आणि बोथट सुरी टणक भाजीवर देऊ नका, ती जोर लावायला लावते आणि घसरते. एवढं करून बोटाला लागलंच, तर हळद किंवा पट्टी कुठे ठेवली आहे तेही मुलाला आधी दाखवून ठेवा, ते काढून लावणं हेही हाताचंच काम आहे. पुढच्या व्याख्यानात आपण कुरणशाळेबद्दल सविस्तर बोलू. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ तोवर कोणाला वाचता आलं तर वाचून या.